चाचणीची पट्टी आणि मुलाचा ताबा

संसार मोडतो तेव्हा मेहर, दागिने, सामान, पोटगी यांवरून वाद होतात आणि कधी ना कधी मिटतात. मुलाच्या ताब्याचा वाद मात्र वेगळा असतो. त्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. अशा वादात दोन्हीकडची मंडळी इरेला पेटली की एक आरोप हमखास पुढे येतो: तो नशा करतो, तिला गोळ्यांची सवय आहे, अशा घरात मूल कसे ठेवायचे? असा आरोप करायला पुरावा लागत नाही, पण तो खोडून काढायला लागतो. मग कोणीतरी सुचवते, टेस्ट करून घ्या म्हणजे सत्य काय ते समोर येईल.

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत कौटुंबिक न्यायालये आणि बालसंरक्षण खाती अशा चाचण्या अनेक वर्षे वापरत आली आहेत. आपले कितीतरी लोक तिथे स्थायिक आहेत. रत्नागिरी-रायगडच्या गावांत तर लंडनला कोणी नातलग नाही असे घर शोधावे लागेल. आपल्याकडेही लाळेवरून नशा ओळखणारी किट ऑनलाइन मिळू लागली आहेत. म्हणून ही चाचणी काय सांगते, काय सांगत नाही आणि तिच्या भरवशावर मुलाचे भवितव्य ठरवताना कुठे घात होतो, हे वाचकांपुढे मांडावे असे आम्हाला वाटले.

लाळ काय सांगते

लाळेची चाचणी दिसायला अगदी साधी असते. काडीला लावलेला छोटा बोळा गाल आणि हिरडीच्या मध्ये काही मिनिटे धरायचा. पुरेशी लाळ शोषली गेली की अनेक किटमध्ये काडीवरची खूण निळी होते. बोळा नळीत घालून ती बंद करतात, सील लावतात, त्यावर नमुना देणाऱ्याची सही घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. नमुना घेण्याआधी किमान दहा मिनिटे तोंडात काही घालायचे नसते. पाणी, चहा, पान, तंबाखू, च्युइंगगम, काहीच नाही.

या चाचणीचा मोठा गुण म्हणजे ती समोरासमोर होते. लघवीच्या नमुन्यात पाणी मिसळणे किंवा दुसऱ्याचा नमुना पुढे करणे शक्य असते, म्हणून काही ठिकाणी नमुना देताना कर्मचारी जवळ उभा राहतो. आपल्या आयाबहिणींना हे किती अवघड वाटेल ते सांगायला नको. लाळेच्या चाचणीत ही विटंबना होत नाही. बुरखा घालणारी स्त्री एखाद्या महिला कर्मचाऱ्यासमोर नकाब बाजूला करून दोन-चार मिनिटांत नमुना देऊ शकते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२३ मध्ये चालक आणि तत्सम कर्मचाऱ्यांसाठी लघवीच्या जोडीला लाळेच्या चाचणीलाही परवानगी दिली. नमुन्यात फसवणूक करणे कठीण जाते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

रक्तात असलेला पदार्थ थोड्या प्रमाणात लाळेत उतरतो. कोकेन, अफूपासून बनलेले पदार्थ आणि उत्तेजक गोळ्या काही मिनिटांत लाळेत दिसू लागतात, आणि बहुतेक पदार्थ साधारण एक ते दोन दिवस दिसत राहतात. गांजा-चरसची गोष्ट निराळी आहे. त्यातला नशेचा घटक रक्तातून लाळेत फारच कमी येतो. चाचणीत जो सापडतो तो मुख्यतः धूर ओढताना तोंडात राहिलेला अंश असतो. म्हणूनच बंद खोलीत दुसरा कोणी गांजा ओढत असेल, तर शेजारी बसलेल्या माणसाच्या लाळेतही थोड्या वेळापुरता तो सापडू शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. नवरा घरात चरस ओढतो आणि पट्टी बायकोच्या तोंडात जाते, अशा घराचा विचार केला तर ही बाब किती गंभीर आहे ते कळेल.

तीन नमुने, तीन वेगळे प्रश्न

न्यायालयांत तीन प्रकारचे नमुने मुख्यतः वापरले जातात. लाळ एक-दोन दिवसांपुरते सांगते. लघवी साधारण दोन ते चार दिवसांचे सांगते, मात्र गांजा नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे सापडू शकतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या तीन सेंटिमीटर केसावरून मागच्या तीन महिन्यांचा अंदाज बांधतात.

तेव्हा प्रश्न काय आहे त्यावर नमुना ठरायला हवा. वडील रविवारी दोन तास मुलाला भेटायला येणार आहेत आणि ते त्या दिवशी शुद्धीत आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असेल, तर लाळ उपयोगी पडते. पण माणूस सहा महिन्यांपासून नशेपासून दूर आहे का, याचे उत्तर लाळेच्या एका पट्टीत मिळणार नाही. शुक्रवारी नशा करून सोमवारी आलेला माणूस त्या पट्टीवर निर्दोष दिसू शकतो. आणि एरवी निर्व्यसनी असलेली बाई आदल्या रात्री घेतलेल्या कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधामुळे दोषी दिसू शकते.

आणखी एक मर्यादा तिन्ही नमुन्यांना सारखीच लागू आहे. पदार्थ शरीरात होता एवढेच चाचणी सांगते. तो किती वेळा घेतला, का घेतला, त्या वेळी मूल कुठे होते, मुलाला जेवण मिळाले का, शाळेत वेळेवर पोहोचवले का, त्याच्यावर कधी हात उगारला का, यांतले काहीही कोणत्याही नळीत उतरत नाही. न्यायालयाला मात्र याच प्रश्नांची उत्तरे हवी असतात.

पहिली पट्टी हा निकाल नव्हे

औषधाच्या दुकानातली किंवा ऑनलाइन मागवलेली पट्टी ही प्राथमिक चाचणी असते. शास्त्रज्ञ तिच्याकडे चाळणी म्हणून पाहतात. एखाद्या पदार्थाच्या रेणूशी जुळणारे काहीतरी आहे एवढेच ती ओळखते, आणि दिसायला सारख्या रेणूंमध्ये ती फसू शकते. सर्दीच्या काही औषधांतले घटक उत्तेजक गोळ्यांसारखे भासतात. म्हणून पट्टीवर खूण उमटली की तोच नमुना प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर तपासावा लागतो. हे यंत्र रेणूचे वजन आणि त्याचे तुकडे पाहून पदार्थाची नेमकी ओळख पटवते. या दुसऱ्या तपासणीशिवाय कोणाला नशेबाज ठरवणे म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न घेता शिक्षा सुनावणे आहे.

किती प्रमाणाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे, हेही माणसेच ठरवतात. अमेरिकेत सरकारी नियमांप्रमाणे लाळेतल्या गांजासाठी प्राथमिक चाचणीची मर्यादा एका मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम आणि पक्क्या चाचणीची २ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ही मर्यादा खाली आणली तर जास्त लोक दोषी ठरतील, वर नेली तर कमी. तेव्हा कागदावर ‘पॉझिटिव्ह’ असा एकच शब्द असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की कोणत्या मर्यादेला आणि आकडा किती.

खसखशीची शिक्षा

ही मर्यादा किती महत्त्वाची आहे ते आपल्या स्वयंपाकघरातल्या एका डब्यावरून समजते. कुर्म्याच्या वाटणात, अनारशांवर आणि काही घरांत शीरखुर्म्यात पडणारी खसखस ही अफूच्या बोंडातलीच बी आहे. बोंडाचा चीक बियांना लागून राहतो, त्यामुळे खसखशीत मॉर्फिन आणि कोडीन यांचा अत्यल्प अंश असतो. त्याने नशा येत नाही, पण तो चाचणीत सापडू शकतो, लघवीत आणि खाल्ल्यानंतर काही तास लाळेतही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे, हे आखातात ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांना ठाऊक असेलच.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने हाच घोटाळा टाळण्यासाठी १९९८ पासून नोकरीच्या चाचण्यांत अफूजन्य पदार्थांची लघवीतील मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. पण रुग्णालयांना हा नियम बंधनकारक नव्हता. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. येण्याआधी तिने खसखस लावलेला पाव खाल्ला होता. रुग्णालयाने जुनी, कडक मर्यादा वापरली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली. तीन दिवसांचे बाळ घरातून उचलून नेण्यात आले आणि पाच दिवसांनी परत मिळाले. पुढे त्या दांपत्याने दावा लावला आणि २०१३ मध्ये १,४३,५०० डॉलर भरपाई देऊन तो मिटवण्यात आला. ज्या आईने चाळीस दिवसांचे सोयर अंगावर घेतले आहे, तिला विचारा, पहिल्याच आठवड्यातल्या त्या पाच दिवसांची किंमत डॉलरमध्ये होते का?

टोरांटोत काय घडले

चाचणीवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर किती घरे उद्ध्वस्त होऊ शकतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण कॅनडात घडले. टोरांटोचे ‘सिक किड्स’ हे मुलांचे जगप्रसिद्ध रुग्णालय आहे. तिथल्या ‘मदरिस्क’ नावाच्या प्रयोगशाळेत केसांवरून अमली पदार्थ आणि दारूची चाचणी होत असे. एखाद्या घरातले मूल सुरक्षित नाही असा संशय आला, की बालसंरक्षण संस्था आईवडिलांचे केस तिथे पाठवत. रुग्णालयाचे नाव इतके मोठे होते, की अहवाल आला म्हणजे वादच संपला. २००५ ते २०१५ या काळात या कामासाठी १६,००० हून अधिक लोकांचे केस तपासले गेले.

२०१४ मध्ये ओन्टारिओच्या अपील न्यायालयात एका आईचे प्रकरण आले. आपल्या लहानग्या मुलाला तिने कित्येक महिने कोकेन दिले, असे मुलाच्या केसांवरून सिद्ध झाल्याचे मानून तिला शिक्षा झाली होती. अपिलात दुसऱ्या प्रांतातल्या विषविज्ञान तज्ज्ञाने या चाचणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले, आणि न्यायालयाने कोकेनसंबंधीचे दोष रद्द केले. ‘टोरांटो स्टार’ या वृत्तपत्राने विषय लावून धरला. सरकारने निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांना चौकशी सोपवली.

डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने सगळ्यांनाच हादरवले. प्रयोगशाळेच्या केसचाचण्या बालसंरक्षणाच्या किंवा फौजदारी खटल्यांत वापरण्याइतक्या भरवशाच्या नव्हत्या, असा त्यांनी निष्कर्ष काढला. २०१० पर्यंत ही प्रयोगशाळा प्राथमिक चाचणीवरच थांबत होती आणि तिचाच आकडा ठाम निकाल म्हणून देत होती. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची धड नोंद नव्हती. बाहेरून चिकटलेला अंश काढण्यासाठी केस आधी धुऊन घेण्याची नियमित पद्धत नव्हती. उपचारासाठी माहिती देणारी वैद्यकीय प्रयोगशाळा आणि न्यायालयात पुरावा देणारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांतला फरक तिथे कोणाच्या लक्षातच आला नाही, आणि इतकी वर्षे कोणी विचारलेही नाही.

त्यानंतर न्यायाधीश ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने दोन वर्षे जुन्या फायली चाळल्या. १,२७१ प्रकरणे तपासल्यावर ५६ प्रकरणांत या चाचणीचा निकालावर मोठा प्रभाव पडला होता, असे आयोगाला आढळले. फेब्रुवारी २०१८ मध्ये अहवाल आला तोपर्यंत केवळ सात कुटुंबांना काही कायदेशीर दिलासा मिळाला होता आणि त्यांतल्या चार कुटुंबांतच मुले परत आली होती. बाकीची मुले दत्तक जाऊन, दुसऱ्या घरात रुजून मोठी झाली होती. त्यांना तिथून उपटून आणणे म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय करणे, असा पेच न्यायालयांपुढे होता. चुकीच्या कागदाची चूक सापडली, पण ती दुरुस्त करायला वेळ उरला नव्हता.

या अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि ती अल्पसंख्याक समाजांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या चाचण्यांच्या कचाट्यात सापडलेल्या कुटुंबांत कॅनडाच्या मूळ रहिवाशांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होते. संशय कोणावर घ्यायचा हे यंत्र ठरवत नाही, यंत्रामागची माणसे ठरवतात. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात १९८९ पासून एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या लघवीची चाचणी त्यांच्या संमतीशिवाय करून निकाल पोलिसांना दिले जात. अटक झालेल्या ३० बायकांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

टोरांटोचा घोटाळा केसांचा होता, लाळेचा नव्हता, हे खरे. पण त्यातले प्रश्न लाळेलाही तितकेच लागू पडतात. दुसरी तपासणी झाली का? नमुना कोणाचा, कोणाच्या ताब्यात होता? प्रयोगशाळा या कामासाठी पात्र आहे का? आणि या एका कागदाशिवाय दुसरा पुरावा काय आहे? इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयानेही २०१७ मध्ये केसचाचणीच्या एका प्रकरणात हेच सांगितले की अशी चाचणी ही एकूण पुराव्याचा केवळ एक भाग आहे.

चाचणी आधारही बनू शकते

हे वाचून कोणी म्हणेल, मग चाचणी नकोच. आम्ही तसे म्हणत नाही. नशेच्या घरात मुलांची आबाळ होते, मारझोड होते, बाळाच्या हाती विषारी गोळी लागते, हेही खरे आहे. तिथे डोळे मिटून बसणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे होय.

२००८ मध्ये लंडनमध्ये न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्या पुढाकाराने एक वेगळे न्यायालय सुरू झाले. नशेमुळे ज्यांची मुले काढून घेतली जाण्याची वेळ आली आहे अशा आईवडिलांसाठी ते होते. इथे शेवटपर्यंत एकच न्यायाधीश प्रकरण पाहतो. दर पंधरा दिवसांनी आईवडील वकिलांशिवाय त्याच्यासमोर बसतात आणि पंधरवडा कसा गेला ते सांगतात. समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांचे पथक उपचार ठरवते. चाचण्याही वारंवार होतात. पण एक पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच मूल गेले, असे होत नाही. काय घडले, का घडले आणि पुढे काय करायचे यावर बोलणे होते. चाचणीत निर्दोष निघालेला प्रत्येक पंधरवडा आईच्या बाजूने पुरावा म्हणून जमा होत जातो.

ब्रुनेल विद्यापीठाने २०१४ मध्ये या न्यायालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खटला संपेपर्यंत नशा सोडलेल्या आयांचे प्रमाण इथे सुमारे ४० टक्के होते, तर नेहमीच्या न्यायालयांत सुमारे २५ टक्के. मुले आईजवळ राहिली किंवा परत आली अशी प्रकरणे इथे सुमारे ३५ टक्के आणि नेहमीच्या न्यायालयांत १९ टक्के होती. म्हणजे सगळ्यांचे भले झाले असे नाही. निम्म्याहून अधिक आयांना यश आले नाही आणि त्यांची मुले दुसरीकडे गेली. पण तिथे निर्णय एका पट्टीवर झाला नाही, कित्येक महिने पाहून झाला.

आपल्याकडचा कायदा

आपल्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात लाळेचा किंवा केसांचा उल्लेख नाही. मात्र १९८४ च्या त्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वाद सोडवायला मदत होईल असा कोणताही अहवाल न्यायालय पाहू शकते, एरवी पुराव्याच्या कायद्यात तो बसत नसला तरी. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वैवाहिक वादात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते, पण त्यासाठी अर्जदाराकडे सकृद्दर्शनी भक्कम आधार आणि पुरेसे साहित्य असले पाहिजे. आदेश होऊनही कोणी तपासणीला नकार दिला, तर न्यायालय त्यातून प्रतिकूल अर्थ काढू शकते. थोडक्यात, नुसत्या संशयावर चाचणी मागता येत नाही आणि आदेश झाल्यावर ती सहज टाळताही येत नाही.

ताब्याच्या बाबतीत आपल्यात हिजानतीचा नियम आहे. हनफी मतानुसार साधारणपणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. कोकणातली बरीच कुटुंबे ज्या शाफई मताची आहेत, त्यात मूल समजूतदार झाल्यावर त्याच्या पसंतीला महत्त्व दिले जाते. मूल सांभाळणारी व्यक्ती विश्वासू आणि सांभाळ करण्यास समर्थ असावी, ही अट फुकहांनीही घातली आहे. न्यायालयात मात्र १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे हित हाच अखेरचा निकष ठरतो. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. ज्याने व्यसन सोडले आहे, त्याच्यासाठी हे दार उघडे आहे.

नवऱ्याच्या नशेमुळे घरात मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली स्त्रीला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. बापाची भेट मुलांना अपायकारक आहे असे वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मूल धोक्यात असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवावा, प्रकरण बालकल्याण समितीपर्यंत जाते. मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, असे हाच कायदा सांगतो.

घरातल्या घरात हेरगिरी

किट मागवून सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडात पट्टी धरण्याचा मोह कोणाला होत असेल, तर त्यांना आमचे सांगणे आहे की त्यातून हाती काही लागत नाही. ती प्राथमिक चाचणी असते. नमुना कोणाचा, कोणी घेतला, कधी घेतला याचा पुरावा नसतो, त्यामुळे समोरचा वकील पाच मिनिटांत ती निकालात काढू शकतो. आणि जबरदस्तीने पट्टी धरली असेल, तर तोच छळाचा पुरावा होऊन उलटतो.

सूरह हुजुरातमध्ये दोन गोष्टींची ताकीद आहे. आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही एक. आणि एकमेकांची टोह घेत फिरू नका, ही दुसरी. जमातीच्या बैठकीत किंवा दोन घराण्यांच्या बोलणीत मुलाच्या ताब्याचा विषय निघतो, तेव्हा या दोन्ही ताकिदी समोर ठेवल्या तर अनेक अनर्थ टळतील. मोबाइलवर फिरणारा पट्टीचा फोटो ही शहानिशा नव्हे.

नशा हराम आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. त्यामुळेच घरात कोणी नशेत अडकला तर कुटुंब ते वर्षानुवर्षे लपवते, आणि दुखणे उघड होते ते थेट न्यायालयात. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४ अ सेवनाच्या गुन्ह्यात किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात सापडलेल्या व्यसनी माणसाला मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षण देते. खटला उभा राहण्याआधी घेतलेल्या उपचाराचा कागद ताब्याच्या वादात कोणत्याही पट्टीपेक्षा अधिक कामाला येतो.

चाचणीची वेळ आलीच तर

देशात असो वा परदेशात, आपल्या माणसावर ही वेळ आली तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• आदेश कोणाचा आहे ते पाहा. न्यायालयाचा असेल तर त्याची प्रत घ्या. दुसऱ्या बाजूने नुसती मागणी केली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय नमुना देऊ नका. आदेश असेल तर टाळाटाळ करू नका, नकाराचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जातो.

• चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. खोकल्याचे औषध, वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या, हकिमाची औषधे, काही लपवू नका. दोन दिवसांत खसखशीचे काही खाल्ले असेल तर तेही लिहून द्या.

• नमुना देण्याआधी पान, तंबाखू, मिश्री, गुटखा तोंडात नको. रोजा असेल तर आधी कळवा, कोरड्या तोंडातून पुरेशी लाळ जमायला वेळ लागतो. महिला कर्मचारी हवी असेल तर तसे स्पष्ट मागा.

• नळी तुमच्यासमोर बंद झाली का, सील लागले का, नाव व वेळ बरोबर आहे का, हे पाहूनच सही करा. नमुन्याचे दोन भाग करून एक राखून ठेवता येईल का, ते विचारा. पुढे वाद झाला तर तो दुसरीकडे तपासता येतो.

• अहवालात प्रयोगशाळेची मान्यता, प्राथमिक आणि पक्की अशा दोन्ही चाचण्या, मर्यादा आणि आकडा मागा. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता कोणत्या चाचणीसाठी आहे तेही तपासा.

• मुलाच्या सांभाळाचा बाकी पुरावा जमवा. शाळेची हजेरी, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांच्या नोंदी, मदरशाचे उस्ताद आणि शेजारी यांची साक्ष. पट्टी जे सांगू शकत नाही, ते हे कागद सांगतात.

परदेशातल्या आपल्या नातलगांना एक विशेष सूचना. तिथले बालसंरक्षण अधिकारी घरी आले तर घाबरून दार लावून घेऊ नका आणि भाषेच्या अडचणीमुळे न समजलेल्या कागदावर सहीही करू नका. दुभाषा मागा, वकील मागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुले काढून घेण्याचा खटला उभा राहिला तर आईवडिलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो.

टोरांटोतल्या त्या अहवालांना न्यायाधीशांनी, वकिलांनी, समाजसेवकांनी मान दिला, कारण त्यावर मोठ्या रुग्णालयाचे नाव होते. कोणाचीही नियत वाईट नव्हती, सगळ्यांना मुलांचे भलेच हवे होते. तरीही मुले गेली, कारण हा आकडा आला कुठून, एवढा साधा प्रश्न विचारायचे राहून गेले. तो प्रश्न विचारणे हा मुलाचा हक्क आहे, आणि मुलाला स्वतःला तो विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने तो आईने, बापाने, वकिलाने, जमातीच्या बुजुर्गांनी आणि न्यायाधीशांनी विचारायचा आहे. अल्लाह प्रत्येक घराला या परीक्षेपासून सुरक्षित ठेवो, आणि ज्यांच्यावर ती वेळ आली आहे त्यांच्या मुलांना सुरक्षित छप्पर लाभो.